आमचे बिशप नेले

रोममध्ये दुपारचे बारा वाजले की व्हॅटिकन नव्या नेमणुका जाहीर करतं. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार झालेले असतात. म्हणजे भारतातल्या बिशपांची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या एकेका विभागाच्या (धर्मप्रांताच्या) प्रमुखांची, बदली व्हायची ती नेहमी चहाच्या वेळेला. तोवर कोणाला काही माहीत नसतं, निदान तसं धरून चालायचं असतं. ज्यांना हलवायचं त्यांना आधी विचारलेलं असतं, पण त्याची वाच्यता करायची नसते. आपल्याच लोकांबरोबर बसून पुढच्या वर्षीचे कार्यक्रम ठरवताना, आपण तेव्हा इथे नसणार, हे पोटात ठेवायचं. हे त्यांना कसं जमतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

30 नोव्हेंबर 2024 हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, त्यामुळे पुण्यातल्या आमच्या चर्चमध्ये संध्याकाळी बरीच माणसं होती. अल्तारापाशी, म्हणजे वेदीपाशी, चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं बांधायचं काम चाललं होतं. तीन जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या होत्या आणि गुलाबी मिळत नव्हती, यावरून दोन बायकांची हुज्जत चाललेली. वर माळ्यावर गायनमंडळ एकाच ओळीवर अडकलं होतं. एवढ्यात खाली कोणाचा तरी फोन वाजला, मग दुसऱ्याचा, आणि पाहता पाहता सगळ्यांच्या माना खाली गेल्या. बिशप जॉन रॉड्रिग्ज यांची मुंबईचे कोअॅडज्युटर आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली होती. कोअॅडज्युटर म्हणजे नुसता मदतनीस नाही. आर्चबिशप, म्हणजे मोठ्या धर्मप्रांताचे प्रमुख, पायउतार झाले की त्यांची जागा आपोआप त्यालाच मिळते. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑसवल्ड ग्रेशियस महिनाभरात ऐंशी वर्षांचे होणार होते. म्हणजे पुढचं सगळं स्पष्ट होतं.

"गेले?" कड्याला तार आवळणाऱ्या आंटींनी विचारलं.

"गेले कसले? नेले," गायनमंडळाचे अंकल जिन्यावरून उतरता उतरता म्हणाले.

पुण्याला ते नेमले गेले 25 मार्च 2023 रोजी, तोही शनिवारच. पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांच्या आधीचे बिशप थॉमस डाबरे चौदा वर्षं होते आणि त्यांच्या आधीचे बिशप व्हॅलेरियन डिसोझा 1977पासून 2009पर्यंत, तब्बल बत्तीस वर्षं. आमच्या चर्चमधल्या कित्येकांना लहानपणीच्या प्रथम कम्युनियनपासून लग्नापर्यंत एकच बिशप ठाऊक होते. त्यांना हा वेग झेपणं कठीणच होतं.

तासाभरात सगळ्या प्रतिक्रिया येऊन गेल्या. त्यांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी अभिमान: आमच्या बिशपांना मुंबई मिळाली. मग हिशेब: मुंबईला न्यायचंच होतं तर आम्हाला दिले कशाला? आणि मग, अजून पहिला चहा संपलेला नसतो तोच, आता कोण येणार याचे अंदाज. या तिसऱ्या भागाविषयी आपण चारचौघांत फारसं बोलत नाही, पण बोलायला हवं. नावं घेतली जातात ती नुसती नावं नसतात. हे मंगळूरकडचे, ते गोव्याचे, ते वसईचे, ते मल्याळी, अशी प्रत्येक नावाला शेपूट असते. पुण्याच्या कॅथलिकांत सगळेच आहेत. छावणीतलं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल, म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च, मुळात ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांसाठी उभं राहिलं, त्यावरून काय ती कल्पना यावी. इंग्रजी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), कोकणी मिस्सा, तमिळ मिस्सा, मल्याळी मिस्सा आणि सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा, जी वेळ उरेल त्या वेळेला मराठी मिस्सा. (वेळ उरेल तेव्हा, हे माझं निरीक्षण. आमच्या फादरांना ते मान्य नाही.) मराठी मिस्सेला येणारे बहुतेक नगर, श्रीरामपूर, सोलापूरकडून पोटासाठी शहरात आलेले. त्यांचा प्रश्न दरवेळी एकच: "मराठी बोलणारा असंल ना?"

रात्री वसईहून आईचा फोन आला. तिला बातमी माझ्या आधी कळली होती. वसईत कोणतीही बातमी माझ्या आईला आधी कळते. ती म्हणाली, "बाय, आता कळलं ना तुम्हाला?"

त्या 'आता'मागे पंधरा वर्षं होती.

वसई धर्मप्रांत तसा अगदी अलीकडचा. चर्चं पोर्तुगीज काळापासूनची, चारशे-साडेचारशे वर्षांची, पण कारभार मुंबईहून चालायचा. 22 मे 1998 रोजी वसई वेगळी झाली आणि पहिले बिशप मिळाले ते वसईचेच, थॉमस डाबरे. तुकारामांच्या ईश्वरानुभवावर डॉक्टरेट केलेला माणूस. प्रवचनात अभंग यायचा तो सजावटीला नाही. त्याच्याशिवाय मुद्दा पुढे सरकायचा नाही. जिथे मिस्सा मराठीत, गाणी मराठीत आणि म्हाताऱ्या बायका अजून लाल लुगड्यात मिस्सेला येतात, त्या आमच्या पट्ट्याला असा बिशप म्हणजे आपण स्वतंत्र झाल्याची पावतीच होती. धर्मप्रांत म्हणजे काय, कॅथेड्रल म्हणजे काय, आपल्या चर्चच्या दानपेटीतला किती पैसा कुठे जातो, हे सगळं लोक त्यांच्या काळात शिकले.

एप्रिल 2009मध्ये, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) तोंडावर, त्यांची पुण्याला बदली झाल्याचं जाहीर झालं. मी तेव्हा वसईतच होते. घराघरात माडाच्या झावळ्या विणणं चालू होतं आणि सगळीकडे एकच विषय. आईचं म्हणणं होतं, "आत्ता कुठे पोर चालायला लागलं, तर यांनी बोट सोडलं." माझे काका जरा चावट. पवित्र आठवड्यात धर्मप्रांतातले सगळे फादर बिशपांभोवती जमतात, वर्षभराची तेलं आशीर्वादित होतात आणि फादर आपली वचनं पुन्हा एकदा उच्चारतात. काकांनी ओट्यावरून विचारलं, "आता वचन द्यायचं ते नेमकं कोणाला? जाणाऱ्याला का येणाऱ्याला?" कोणी हसलं नाही.

पुढच्या वर्षी लग्न होऊन मी पुण्याला आले. म्हणजे सासरी माझ्याआधी आमचे बिशप पोचले होते. इथे पाहिलं तर नगर-सोलापूरकडच्या लोकांना आनंद झालेला. मराठीत बोलणारा, तुकाराम सांगणारा बिशप त्यांच्या वाट्याला आला होता. आमच्याकडे जे रडं झालं होतं, त्याची दुसरी बाजू मी रोज पाहत होते. बदलीला अशा दोन बाजू असतात, हे काही नवं नाही. नवं मला कळलं ते वेगळंच, आणि कळायला वेळ लागला: या बदल्यांना दोनच बाजू नसतात. तिसरी असते, चौथी असते, आणि त्या आपल्या नजरेच्या टप्प्यात येत नाहीत.

2009ची साखळी बघा. पुण्याचे बिशप डिसोझा यांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती, आणि त्या वयात बिशपांनी राजीनामा द्यायचा असतो. ती जागा भरायला वसईचे बिशप डाबरे. वसई रिकामी झाली. ती भरायला त्याच वर्षी नोव्हेंबरात नाशिकचे बिशप फेलिक्स मच्याडो. व्हॅटिकनमध्ये आंतरधर्मीय संवादाच्या खात्यात वर्षानुवर्षं काम केलेले, आणि वसईचेच. नाशिक रिकामं झालं. ते भरायला 2010मध्ये अमरावतीचे बिशप लुर्ड्स डॅनियल. अमरावती रिकामी झाली. आणि तिथे साखळी संपली, कारण अमरावतीच्या खाली कोणी नव्हतं. तिथे नवे बिशप एलायस गोन्सालवीस यायला 2012 उजाडलं.

मच्याडो आले तेव्हा वसईत बँड वाजला. आपला माणूस परत आला, जखम भरली. त्या गर्दीत नाशिकचं नाव कोणी काढल्याचं मला आठवत नाही.

नाशिकचं नाव काढलं ते आमच्या पुण्याच्या चर्चमधल्या एका काकांनी. ते मूळचे हरेगावकडचे. मतमाऊलीच्या, म्हणजे मारिया मातेच्या, यात्रेला दर सप्टेंबरात गावी जातात. येताना आमच्यासाठी पेढे आणतात. रॉड्रिग्जांची बातमी आली त्या रविवारी मराठी मिस्सेनंतर आवारात सगळे हळहळत होते, आणि हे गप्प. मी विचारलं, "काका, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण ताई, तुम्हा वसईवाल्यांनी बँड लावला व्हता तवा आमच्याकडं काय झालं, ते कुनी इचारलं का? भालेराव बिशप वीस वर्सं व्हते. त्यांच्यामागं आला तो दोन वर्सं बी नाही. आमच्या पोरांनी नाव पाठ करस्तवर बदललं."

थॉमस भालेराव नाशिकचे पहिले बिशप, 1987 ते 2007. मग मच्याडो जानेवारी 2008 ते नोव्हेंबर 2009. काकांचा हिशेब बरोबर होता. आणि नाशिकला तर साखळीतल्या मधल्या कडीचं का होईना, कोणी तरी मिळालं. अमरावतीचा हिशेब मी नंतर स्वतःच मांडून बघितला. बिशप एडविन कोलासो 2006मध्ये अमरावतीहून औरंगाबादला. त्यांच्या जागी आलेले डॅनियल 2010मध्ये नाशिकला. त्यांच्या जागी आलेले गोन्सालवीस 2018मध्ये नागपूरला, कारण तिथले आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा त्या एप्रिलमध्ये अचानक वारले. लागोपाठ तीन बिशप, तिघांचीही बदली. तिसऱ्यानंतर जागा भरायला 2022 यावं लागलं. पुण्याच्या बाजूने एवढं सांगायला हवं की त्या वेळी अमरावतीला दिलेले बिशप माल्कम सिक्वेरा आमच्या धर्मप्रांतातले.

मोठ्या धर्मप्रांताची गरज लहान धर्मप्रांताच्या खिशातून भागते. मुंबईला अनुभवी माणूस लागतो आणि तो अनुभव तो घेतो अमरावतीत, नाशिकमध्ये, पुण्यात. मुंबईपुढे पुणंही लहानच, हे आम्हाला नोव्हेंबर 2024मध्ये कळलं इतकंच. अमरावतीला ते 2006पासून ठाऊक आहे.

पूर्वी असं नव्हतं. निदान कायद्यात तरी नव्हतं. सन 325मध्ये निकाया इथे भरलेल्या बिशपांच्या पहिल्या विश्वपरिषदेला 2025मध्ये 1700 वर्षं झाली. आपण त्या परिषदेची आठवण काढतो ती श्रद्धेच्या मतांगीकारासाठी. दर रविवारी मिस्सेत म्हणतो त्याचं मूळ तिथलं. पण तिथेच नियमांची एक यादीही झाली, आणि तिच्यातला पंधरावा नियम सरळ सांगतो की बिशपाने, फादराने किंवा फादराखालच्या दर्जाच्या डीकनाने एका शहरातून दुसऱ्या शहरात जाऊ नये; गेलाच तर त्याला परत मूळ ठिकाणी पाठवावं. बिशपाच्या बोटातली अंगठी शोभेची नाही. ती त्याच्या धर्मप्रांताशी लागलेल्या लग्नाची खूण मानतात. एकदा लागलं ते लागलं.

नियम कडक असला की तो पाळायला नव्हे, वापरायला काढतात. सन 381मध्ये ग्रेगरी नाझियान्झन या थोर धर्मपंडिताला कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपाची खुर्ची सोडावी लागली, तेव्हा त्याच्या विरोधकांनी हाच नियम पुढे केला: तुझी नेमणूक आधी दुसऱ्या गावी झाली होती ना? ग्रेगरीचं उत्तर असं, की हा कायदा कधीच मेलाय. त्यालाच पुरे झालं असावं. राजीनामा देऊन तो घरी निघून गेला.

पण सगळ्यात भीषण गोष्ट पोप फॉर्मोससची. हे पोर्तो या धर्मप्रांताचे बिशप होते, नंतर रोमचे बिशप म्हणजे पोप झाले, आणि 896मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांच्यानंतरच्या पोप स्टीफन सहाव्यांनी त्यांचं प्रेत थडग्यातून काढलं, त्याच्या अंगावर पोपची वस्त्रं चढवली, खुर्चीवर बसवलं आणि खटला चालवला. प्रेताच्या वतीने उत्तरं द्यायला एक डीकन उभा केला. आरोपांत एक प्रमुख आरोप होता: एका धर्मप्रांताचा बिशप असताना दुसऱ्यावर का गेलास? दोषी ठरवून आशीर्वादाची तीन बोटं तोडली आणि शेवटी प्रेत टायबर नदीत फेकलं. यामागे अर्थातच राजकारण होतं, नियमाची चाड कोणालाच नव्हती. तरी बदलीला गुन्हा म्हणता येत होतं, असा एक काळ होऊन गेला, हे मला फोनवर 'अभिनंदन'चे फुलांचे गुच्छ पाहताना आठवतं. मी हे आमच्या गायनमंडळाच्या अंकलना सांगितलं, तर ते म्हणाले, "बघ, म्हणजे आपण फारच सौम्य लोक आहोत."

आजही आतल्या आत या गोष्टीवर कुरकुर चालते. बिशपांच्या नेमणुकांचं खातं चौदा वर्षं सांभाळलेले कार्डिनल गँतँ 1999मध्ये एका मुलाखतीत म्हणाले की बिशपाने नेमल्या जागीच राहावं, लहान धर्मप्रांत ही मोठ्यावर चढायची पायरी होऊ नये. खातं सोडल्यानंतर म्हणाले, हेही खरं. माणूस खुर्चीवरून उठल्यावरच मोकळा बोलतो. पोप फ्रान्सिस यांनी 2013मध्ये, पोप झाल्याच्या पहिल्याच वर्षी, आपल्या राजदूतांना बजावलं होतं की एका धर्मप्रांताशी लग्न लागलेलं असताना दुसरीकडे डोळा ठेवणारी माणसं सुचवू नका. आमच्याकडच्या कोणा बिशपांवर मी असा संशय घेत नाही. ज्यांना हलवलं, त्यांना हलवलं. आज्ञाधारकपणाचं वचन फादरांनीच दिलेलं असतं असं नाही, बिशपांनीही दिलेलं असतं.

मग पर्याय काय? मुंबईसारख्या अवाढव्य आर्चडायोसिसवर, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांतावर, नवखा माणूस आणून बसवायचा? कार्डिनल ग्रेशियसही मुंबईचे सहायक बिशप, मग 2000मध्ये आग्र्याचे आर्चबिशप, मग 2006मध्ये परत मुंबईचे. आग्र्याच्या सहा वर्षांचा मुंबईला उपयोग झालाच असणार. पुण्यालाही डाबऱ्यांच्या वसईतल्या अकरा वर्षांचा झाला. मी त्याची साक्षीदार आहे. बदली नसती तर माझ्या सासरच्या लोकांनी तुकाराम अल्तारावरून कधी ऐकला नसता. बाहेरचा माणूस आला की तुंबलेलं पाणी हलतं, हेही पाहिलंय. बिशप ही कोणाची वडिलोपार्जित इस्टेट नाही. हे सगळं मला पटतं, तरी पुण्याच्या आवारात उभं राहिल्यावर पटत नाही.

कारण जातं काय ते आवारातून दिसतं. कायदा असा आहे: बदलीची रीतसर माहिती मिळाल्यापासून दोन महिन्यांत बिशपांनी नव्या जागेचा ताबा घ्यायचा, आणि ताबा घेतला त्या दिवशी जुनी जागा रिकामी. मधल्या काळात ते आपल्याच धर्मप्रांताचे प्रशासक असल्यासारखे. जागा रिकामी झाली की आठ दिवसांत सल्लागार फादरांनी प्रशासक निवडायचा, किंवा रोम स्वतः कोणाला नेमतं. आणि मग चर्चच्या कॅनन कायद्यातलं ते प्रसिद्ध कलम, 428वं: खुर्ची रिकामी असताना काहीही नवीन करायचं नाही. हेतू चांगला आहे. तात्पुरत्या माणसाने कायमचे निर्णय घेऊ नयेत. पण त्याचा खाली अर्थ होतो: थांबा. मोठं काही सुरू करायचं असलं, तर थांबा. कोणा फादरांची अडलेली बदली, थांबा. मराठी धर्मशिक्षणाची नवी पुस्तकं हवीत म्हणून कोणी अर्ज केला असेल, तर थांबा. आणि नवे बिशप येतात तेव्हा त्यांना सगळं पहिल्यापासून समजून घ्यायचं असतं, म्हणजे आणखी थांबा. अमरावतीने 2006पासून असं किती थांबायचं झालं असेल? मेळघाटातल्या पाड्यावरच्या माणसाला बिशप दिसतो तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा, दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या संस्काराच्या, वेळेला. त्याच्या हिशेबी बिशप येतच नाही, फक्त बदलतो.

मिस्सेच्या प्रार्थनेत पोपच्या नावापाठोपाठ आपल्या बिशपाचं नाव घ्यायचं असतं. खुर्ची रिकामी असली तर ते वाक्य तेवढं गाळून पुढे जायचं. वसईला मच्याडो आल्यावरही आमच्या गावच्या एका वयस्कर फादरांच्या तोंडून बरेच महिने 'आमचे बिशप थॉमस' निघायचं. मग ते थांबायचे, चष्मा वर सरकवायचे, 'फेलिक्स' म्हणायचे आणि पुढे जायचे. पहिल्या बाकावरच्या बाया एकमेकींकडे बघायच्या. 2024मध्ये मच्याडो निवृत्त झाले आणि वसईला तिसरे बिशप मिळाले, त्यांचं नाव थॉमस डिसोझा. ते वयस्कर फादर आज असते तर म्हणाले असते, बघा, मी बरोबरच होतो.

आम्ही हळहळतो, रागावतो, शाल आणि हार आणतो, पाच वक्ते तेच पाच मुद्दे बोलतात आणि गाडीमागे हात हलवतो. यापलीकडे या सगळ्यात आमचा हात कुठे असतो? कागदोपत्री असतो. नवा बिशप शोधताना पोपच्या राजदूताने काही विशिष्ट लोकांचं मत घ्यायचंच असतं, आणि शिवाय, त्याला योग्य वाटल्यास, शहाण्यासुरत्या प्रापंचिकांनाही, म्हणजे फादर-सिस्टर नसलेल्या साध्या लोकांनाही, विचारायचं असतं. गुप्तपणे. हे गुप्तपणे विचारले गेलेले प्रापंचिक कोण असतात, ते आजवर मला भेटलेले नाहीत. आपण शहाणेसुरते नसू.

विचारलं नाही तर काय होतं, हे चिलीत ओसोर्नो या गावाने दाखवलं. जानेवारी 2015मध्ये तिथे हुआन बारोस या बिशपांची बदली झाली. हे त्याआधी चिलीच्या लष्कराचे बिशप होते. फर्नांदो कारादिमा नावाच्या फादराने मुलांवर केलेले अत्याचार त्यांना माहीत होते आणि त्यांनी ते झाकले, असा आरोप अत्याचार झालेल्यांनीच केला होता. बारोस तो नाकारत होते. मार्चमध्ये पदग्रहणाच्या दिवशी लोक काळे कपडे घालून कॅथेड्रलमध्ये शिरले, घोषणा झाल्या आणि समारंभ कसाबसा उरकावा लागला. रोमने ऐकलं नाही. पोप फ्रान्सिस स्वतः 2018च्या जानेवारीत चिलीत गेले आणि आरोप म्हणजे बदनामी असल्याचं बोलून बसले. मग मात्र त्यांनी चौकशीला माणसं पाठवली, अहवाल वाचला, आपण गंभीर चुका केल्याचं पत्र लिहिलं आणि जूनमध्ये बारोसांचा राजीनामा स्वीकारला. एका लहानशा धर्मप्रांतातल्या लोकांनी तीन वर्षांहून जास्त काळ चिकाटी धरली होती. त्या लोकांना तोवर 'बंडखोर' म्हटलं जात होतं.

आमच्याकडे, सुदैवाने, प्रश्न नकोशा बिशपाचा नाही. हवासा वाटणारा राहत नाही, हा आहे. त्यासाठी काळे कपडे घालून कोणी उभं राहणार नाही आणि राहूही नये. पण लिहायला काय हरकत आहे? पुण्यातल्या काही जणांनी रोमला पत्र लिहायचं मनात आणलं होतं. भारतातल्या आमच्यासारख्या धर्मप्रांतांच्या नेमणुका बिशपांच्या खात्यातून होत नाहीत, सुवार्ताप्रसाराच्या खात्यातून होतात, एवढं शोधून काढेपर्यंत नाताळ आला आणि पत्र राहिलं. 25 जानेवारी 2025 रोजी ग्रेशियस निवृत्त झाले आणि रॉड्रिग्ज मुंबईचे आर्चबिशप झाले. पत्र लिहिलं गेलं असतं, तर मी त्यात एकच मागणी घातली असती: लहान धर्मप्रांताला दिलेला बिशप दहा वर्षं तरी हलवू नका. पुण्यासाठी नव्हे. पुण्याला आज ना उद्या कोणी चांगला मिळतोच.

8 मे 2025च्या रात्री नवे पोप सेंट पीटर्सच्या सज्ज्यात आले तेव्हा आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर होते. लिओ चौदावे. अमेरिकेत जन्मलेले, पण पेरूमधल्या चिकलायोचे बिशप राहिलेले; तिथून जानेवारी 2023मध्ये त्यांना रोमला नेलं ते बिशपांच्या नेमणुका करणाऱ्या खात्याचे प्रमुख करून. म्हणजे बदली झालेला माणूसच बदल्या करायला बसला होता. इटालियनमध्ये बोलता बोलता ते मध्येच स्पॅनिशमध्ये शिरले आणि आपल्या लाडक्या चिकलायो धर्मप्रांताला त्यांनी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी चिकलायोतल्या खानावळींनी 'पोप इथे जेवले होते' अशा पाट्या लावल्या. आई फोनवर रडवेली झाली होती. "बघ, विसरला नाही," म्हणाली.

विसरले नाहीत, खरंच. मी फक्त पुढची कडी शोधली. ते रोमला गेल्यावर चिकलायोची खुर्ची वर्षभर रिकामी होती. फेब्रुवारी 2024मध्ये ती भरली, ती एडिन्सन फारफान यांची बदली करून. त्यांना आणलं चुकिबाम्बिया इथून. आपुरिमाकच्या डोंगरात, उंचावर, एका कोपऱ्यातला लहानसा धर्मप्रांत आहे. सज्ज्यातून त्याचं नाव कोणी घेतलं नाही. हरेगावच्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही, आणि मग म्हणाले, "म्हंजे त्यांची अमरावती."